निर्माता म्हणतो "आणखी जोरात करा": मास्टरिंगमध्ये कुठवर ऐकायचं?

खर्जप्रेमी:
मिक्स (गळा आणि वाद्यं जुळवून एकत्र केलेलं गाणं) पसंत पडतो, मास्टर (त्यावरून प्रकाशनासाठी केलेली शेवटची फाइल) जातो आणि निरोप येतो, "बाकीच्या गाण्यांपुढे हळू वाटतंय, वाढवा." माझ्या मते इथे ठाम नकार द्यावा. कडवं दबकं ठेवून ध्रुवपद उसळवणं ही संगीतकाराची रचना आहे. लिमिटरने (आवाजाची टोकं दाबून बाकीचं गाणं वर उचलणारं साधन) ती सपाट केली की गाणंच बदलतं. बरं, त्यात धंद्याचा फायदाही नाही. स्पॉटिफाय मूळ सेटिंगवर गाणी साधारण −१४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा) आणतं. −८चं मास्टर तिथे ६ डेसिबल खाली ओढलं जातं. आवाज इतरांइतकाच राहतो, स्नेअर ड्रमचा छाटलेला फटका मात्र परत येत नाही.

मधलीपट्टी:
अर्धीच बाजू मांडलीत. ते नॉर्मलायझेशन (सगळी गाणी एका पातळीवर आणणं) ऐकणारा बंद करू शकतो. क्लबमध्ये डीजे थेट फाइल वाजवतो, निर्माताही मंजुरीसाठी फोनवर फाइलच उघडतो. तिथे काहीच समान होत नाही. शिवाय हळू गाणं वर उचलायलाही मर्यादा आहे. मास्टर −१८ आणि शिखर (आवाजाचं सर्वांत उंच टोक) −३ डेसिबलवर असेल, तर वरचा १ डेसिबल मोकळा सोडायचा म्हणून ते −१६पर्यंतच चढतं. गर्दीत, फोनच्या छोट्या स्पीकरवर तुमचं दबकं कडवं ऐकूच येणार नाही. पैसे लावणाऱ्याने हे सांगितलं तर तो कलेचा शत्रू ठरत नाही. आणि मेटल किंवा इलेक्ट्रॉनिक संगीतात घट्ट, दाबलेला आवाज हीच कलाकाराची मागणी असते.

तारसप्तक:
दोघेही लिमिटरवर भांडताय, खरं काम मिक्समध्ये आहे. ३० हर्ट्झखालचा जेमतेम ऐकू येणारा खर्ज कापा. तो उगाच जागा खातो. ड्रमची टोकं ड्रमच्या बसवरच (सगळे ड्रम एकत्र येतात ती वाहिनी) १-२ डेसिबल क्लिप करा, म्हणजे छाटा. कडव्यातला गळा ऑटोमेशनने (ठरवलेल्या जागी पातळी आपोआप बदलणं) १ ते २ डेसिबल वर घ्या, वाद्यं तिथेच राहू द्या: शब्द कळतात आणि ध्रुवपदाची उसळीही टिकते. मग लिमिटरला २-३ डेसिबलपेक्षा जास्त दाबावं लागत नाही. त्यापुढे गेलात की रिलीज (लिमिटरचा दाब सुटण्याचा वेग) जलद ठेवल्यास बेस फाटतो, संथ ठेवल्यास किक ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे सगळं गाणं दबून वर येतं. ट्रू पीक (ध्वनिलहरीचं खरं सर्वोच्च टोक) −१वर थांबवा. मास्टर −१४पेक्षा जोरात असेल तर −२, कारण एमपीथ्रीसारख्या रूपांतरात शिखरं वाढतात.

निर्मात्याला दोन्ही मास्टर समान पातळीवर ऐकवा. जोरातलं तेवढ्या डेसिबलने खाली घेऊन मगच निवडायला सांगा. कानाला मोठा आवाज आधी आवडतोच, त्यामुळे असमान तुलना खोटी असते.

खर्जप्रेमी:
गळ्याचं ऑटोमेशन मान्य. पण समान पातळीवर ऐकवूनही "तरी वाढवा" आलं तर? म्हणून मिक्सला हात लावण्याआधीच लेखी ठरवावं: नमुन्याची गाणी कोणती, किती दुरुस्त्या, अंतिम मंजुरी कोणाची. मंजुरी संगीतकाराकडेच हवी.

मधलीपट्टी:
नवख्या संगीतकाराला अशी अट कोण देईल? काम दुसऱ्याकडे जाईल आणि तो −६ला नेऊन ठेवेल. त्यापेक्षा उसळी वाद्यसंयोजनातच लिहावी. कडव्यात दोन वाद्यं, ध्रुवपदात सहा, बेस एक सप्तक खाली. हा फरक कुठलाही लिमिटर पूर्ण पुसू शकत नाही.

खर्जप्रेमी:
एकट्या गळ्याच्या गाण्यात सहा वाद्यं आणायची कुठून? तिथे आवाजाची चढउतार हीच सगळी रचना आहे, आणि तीच तुम्ही सोडून द्यायला सांगताय.