मदत हवी आहे : घाणेरी मुळापासून काढल्यावर पुढे काय?

आमच्या उतारावरच्या पडीक तुकड्यात घाणेरी (टणटणी) इतकी माजली आहे की आत शिरायला वाट नाही. नुसती कापून किंवा जाळून ती हटत नाही. खुंटाला पुन्हा धुमारे येतात आणि ओल्या मातीला टेकलेली फांदीही मुळं धरते. १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणलेलं हे झुडूप! १९४१मध्ये तिच्या बंदोबस्तासाठी भारतात आणलेल्या टेलिओनेमिया या कीटकालाही ती पुरून उरली.

दिल्ली विद्यापीठातले पर्यावरणशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांची घाणेरी काढण्याची पद्धत वाचली : जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते परत रुजत नाही. हे पटलं, सुरुवातही करतोय. अडचण पुढची आहे. बुलबुल काळी फळं खातात आणि जवळच्या बाभळीवर बसून बिया टाकतात. तिच्याखाली रोपांचा नुसता गालिचा असतो.

ज्यांनी हे काम बरीच वर्षं केलंय त्यांना विचारायचंय : रोपं उपटायला किती वर्षं जावं लागतं? मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवत पेरावं की आधी एक पावसाळा जाऊ द्यावा? पवना किंवा मारवेल गवत तिथे तग धरेल का? आणि सगळं एकदम साफ केलं तर उताराची माती वाहून जाईल, म्हणून पट्ट्या-पट्ट्यांनी काढायचा विचार आहे, पण मग उरलेल्या पट्ट्यांतून बी येतच राहणार ना?

तणनाशक नको आहे, खाली ओढा आहे.