वारा पडतो तेव्हा थांबतो, थंडी पडते तेव्हा येते : हवामानाच्या शब्दांवर चर्चा

भाषांतरवाली :
मेक्सिकोच्या आखातालगत राहणाऱ्या हौशी हवामान-निरीक्षकांच्या नोंदी मराठीत आणायचं काम हाती घेतलंय. काळ सप्टेंबरअखेरचा. उन्हाळा हटायचं नाव घेत नाही, आखातात काहीतरी शिजतंय, आणि ही मंडळी दर सहा तासांनी नवा अंदाज आला की नकाशे उघडून बसतात. वादळाची धास्ती तर आहेच, पण त्याच्या मागोमाग हवा पालटेल ही आशासुद्धा लपत नाही. मूळ मजकूर बोलका आहे. माझा मसुदा मात्र असा उतरलाय :

"आखातात उष्णकटिबंधीय वादळ निर्माण होण्याची शक्यता असून नागरिक शरद ऋतूतील दिलाशाच्या प्रतीक्षेत आहेत."

व्याकरणाला धरून आहे, पण असं कोण बोलतं? 'ट्रॉपिकल स्टॉर्म', 'फॉल' आणि 'रिलीफ' या तीन शब्दांवर गाडी अडली आहे. सुचवा.

नकाशेबहाद्दर :
पहिल्या शब्दाचं उत्तर वाऱ्याच्या वेगात आहे. अटलांटिकमध्ये आणि त्या आखातात सलग वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरच्या खाली असला की 'ट्रॉपिकल डिप्रेशन'. ६३ ते ११८ 'ट्रॉपिकल स्टॉर्म', आणि याच पायरीवर त्याला नाव मिळतं. ११९ पासून पुढे हरिकेन, मग त्याच्या पाच श्रेण्या.

आपल्या हवामान विभागाच्या पायऱ्या जास्त आहेत. कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन, डीप डिप्रेशन, आणि साधारण ६३ किलोमीटरला चक्रीवादळ. नाव इथेच मिळतं. ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र, पुढे आणखी एक पायरी, आणि २२२ च्या वर गेलं की सुपर सायक्लोन. अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी धरतात, आपल्याकडे तीन मिनिटांची, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. तरी हिशेब सरळ आहे : त्यांचं ट्रॉपिकल स्टॉर्म म्हणजे आपलं चक्रीवादळ किंवा तीव्र चक्रीवादळ. त्यांचं हरिकेन सुरू होतं ते आपल्या 'अतितीव्र'पासून.

म्हणून 'उष्णकटिबंधीय वादळ' मला खटकतं. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर 'वादळ' म्हटलं की वळवाचं वादळ येतं : धूळ, दोन फांद्या, अर्धा तास पाऊस. इथे तर समुद्रावरून चाल करून येणारी शेकडो किलोमीटरची प्रणाली आहे. सरळ 'चक्रीवादळ' लिहा.

शंकेखोर :
मग हरिकेनला काय लिहायचं? दोन्हींना चक्रीवादळ म्हटलं तर 'चक्रीवादळाचं चक्रीवादळात रूपांतर झालं' असं वाक्य तयार होईल. वर्तमानपत्रात असली वाक्यं वाचलीत मी.

नकाशेबहाद्दर :
हरिकेन तसंच ठेवा. तो त्या समुद्रातला शब्द आहे, कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून स्पॅनिशमध्ये आणि तिथून जगभर गेलेला. मराठी वाचकाला तो परका नाही.

आणखी एक. 'नुसतं' ट्रॉपिकल स्टॉर्म असं कुठे लिहू नका. २००१ सालचं अ‍ॅलिसन कधी हरिकेन झालंच नाही, तरी टेक्सासात रेंगाळून त्याने ह्यूस्टन बुडवलं. इतकं की हरिकेन न होताही वादळांच्या नावांच्या यादीतून कायमचं बाद झालेलं अटलांटिकमधलं ते पहिलं नाव ठरलं. २०१७ च्या हार्वेचा वारा किनाऱ्यावर आल्यावर उतरला, पण पाऊस उतरला नाही. एका ठिकाणी दीड हजार मिलिमीटरवर पाऊस मोजला गेला. पायऱ्या वाऱ्याच्या असतात, पाण्याच्या नव्हेत.

कोशातली उंदीर :
'तुफान' कसं वाटतं? अरबी-फारसीतून आलेला शब्द, आणि इंग्रजांच्या 'टायफून'शी त्याचं नातं लावतात.

शंकेखोर :
'तुफान'चा वारा कधीच गेला हो. आता गर्दी तुफान असते, विनोद तुफान असतात. 'झंझावात' निवडणुकीच्या प्रचारात गेला. 'वावटळ' अजून हवेतच आहे, पण ती धुळीची, हातभर नाहीतर मैदानभर. तिला समुद्रावर पाठवू नका.

कोशातली उंदीर :
मान्य. पण 'वावझड' राहू द्या कुठेतरी. पाऊस वाऱ्याने तिरपा होऊन दारातून आत येतो त्याला इतका नेमका शब्द आहे आणि आपण 'जोरदार वाऱ्यासह पाऊस' लिहीत बसतो. जाता जाता : त्या पाण्याला तुम्ही 'आखात' म्हटलंत ते बरं केलंत. हिंदीच्या नादाने हल्ली 'बंगालची खाडी' छापून येते. मराठीत तो उपसागर, आणि खाडी म्हणजे समुद्राचं पाणी आत शिरतं ती.

किनाऱ्यावरचा :
नामांवर एवढी चर्चा झाली, पण त्या मसुद्यातली खरी अडचण मला क्रियापदांत दिसते. 'निर्माण होण्याची शक्यता असून', 'प्रतीक्षेत आहेत'. यात हवा हलतच नाही. मराठीत हवामानाची सगळी मजा क्रियापदांत आहे.

'पडणे' हेच घ्या. पाऊस पडतो, थंडी पडते, ऊन पडतं, धुकं पडतं, दव पडतं. हे सगळं पडतं तेव्हा हजर होतं. वारा पडतो तेव्हा मात्र थांबतो. 'वारा पडलाय' म्हणजे पान हलत नाही. बाहेरून मराठी शिकणारा इथे हमखास फसतो. तसंच 'उघडणे'. दुकान उघडलं की सुरू होतं, पाऊस उघडला की बंद. 'उघडीप' हा त्याचाच शब्द. वारा 'सुटतो', पाऊस 'लागतो' म्हणजे धरून बसतो, आभाळ 'भरून येतं', मळभ 'दाटतं', पाऊस 'ओसरतो', वादळ 'उठतं' आणि 'शमतं', ढग 'विरतात'. अशी क्रियापदं पेरली की नामांचा बोजा आपोआप कमी होतो.

आता 'धडकणे'. बातम्यांत प्रत्येक चक्रीवादळ किनाऱ्यावर 'धडकतं'. तिकडचे लोक ज्याला 'लँडफॉल' म्हणतात तो क्षण म्हणजे वादळाचा केंद्रबिंदू किनारा ओलांडतो तो. वारा, लाटा आणि पाऊस त्याच्या कितीतरी तास आधी पोचलेले असतात. 'दुपारी धडकणार' वाचून माणूस सकाळी निर्धास्त फिरायला निघेल. 'केंद्र किनारा ओलांडेल' हे सपक वाटलं तरी खरं आहे.

भाषांतरवाली :
एका नोंदीत लिहिलंय की वादळ अजून दूर आहे आणि आजचा दिवस उलट जास्तच तापला, आकाश निळंशार. मला वाटलं, 'वादळापूर्वीची शांतता' टाकावं.

नकाशेबहाद्दर :
तो वाक्प्रचार टाळा. तिथे अलंकार नाही, भौतिकशास्त्र आहे. चक्रीवादळाच्या मध्याजवळ हवा वर चढते, ती बाहेरच्या कडेला खाली उतरते. उतरताना दाबली जाऊन तापते, ढग विरतात, आणि तिथला दिवस कडक जातो. 'वारा पडलाय, आभाळ कोरं आहे, ऊन रणरणतंय' असं साधं लिहा.

शंकेखोर :
'फॉल'वर कुणीच बोललं नाही. कोशात 'शरद' आहे. पण शरदाकडून थंडाव्याची अपेक्षा करणं म्हणजे चुकीच्या माणसाकडे उधार मागणं आहे. आश्विन-कार्तिक म्हणजे आपली ऑक्टोबर हीट! पाऊस सरतो, आभाळ निवळतं आणि ऊन असं चटकतं की मे महिना बरा वाटावा.

कोशातली उंदीर :
आयुर्वेदात शरद हा पित्त खवळण्याचा काळ. 'वैद्यानां शारदी माता पिता च कुसुमाकरः' असं एक मिश्कील सुभाषित आहे : शरद वैद्यांची आई आणि वसंत बाप, कारण या दोन ऋतूंत आजारी माणसांचा तोटा नसतो. संस्कृत कवींचा शरद निराळा. तिथे चांदणं आहे, निवळलेलं पाणी आहे, फुललेली कमळं आहेत. म्हणजे रात्र कवींची आणि दुपार वैद्यांची.

किनाऱ्यावरचा :
काही जण 'पानगळ' वापरतात. मूळ शब्दाशी ते जुळतंही, कारण 'फॉल' पानं गळण्यावरूनच आला. पण आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, थंडी संपत आल्यावर. 'पानगळ आली' वाचून वाचकाला पुढे उन्हाळा दिसेल, तुमच्या निरीक्षकांना हिवाळा दिसतोय. बाण नेमका उलट्या दिशेला.

भाषांतरवाली :
मग ऋतूचं नावच नको?

शंकेखोर :
संपाताची, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात ती, तारीख आली असेल तिथे 'शरद संपात' लिहावंच लागेल, २२ किंवा २३ सप्टेंबर, ती संज्ञा पक्की आहे. बाकी ठिकाणी ऋतू कशाला? त्यांना हवंय काय? पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटणं. 'हवा पालटणे', 'थंडीची चाहूल', 'पहिला गारवा'. 'गारवा' तर आयता हाताशी आहे.

नकाशेबहाद्दर :
'गारवा' आणि 'रिलीफ' एकच धरू नका. चक्रीवादळ आलं, दोन दिवस ढग आणि पाऊस राहिला, तर पारा उतरतो. पण हवेतली वाफ तशीच, उलट जास्त. या लोकांच्या नोंदींत 'ड्यू पॉइंट' पुन्हा पुन्हा येतो तो याचसाठी. मराठीत 'दवबिंदू', म्हणजे हवा ज्या तापमानाला निवली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं ते. तो २४ अंशांच्या वर असला की घाम वाळत नाही आणि जीव गुदमरतो. १५-१६ च्या खाली आला की तेच ऊन सुसह्य वाटतं. त्यांची खरी सुटका वादळात नाही, उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या हवेत आहे.

वादळ त्यात मदत करू शकतं, पण कोणत्या अंगाने जातं त्यावर सगळं. उत्तर गोलार्धात त्याचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. ते तुमच्या पूर्वेकडून उत्तरेला सरकलं तर तुमच्याकडे जमिनीवरची कोरडी हवा ओढली जाते. पश्चिमेकडून गेलं तर समुद्राची सगळी वाफ तुमच्या अंगावर. म्हणून ही मंडळी मनातल्या मनात वादळ 'पूर्वेला सरकू दे' म्हणत असतात, आणि पूर्वेला राहणाऱ्यांनी काय म्हणायचं हे कुणी लिहीत नाही.

कोशातली उंदीर :
याला आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेतच. उन्हाने होते ती काहिली, तलखी. वाफेने होतो तो उकाडा. 'उकडणे' हे क्रियापद स्वयंपाकातही वाफेचंच आहे. वारा पडून आभाळ कोंदलं की 'गदमदतंय' म्हणतात. तुमच्या नोंदींत बहुतेक ठिकाणी 'उकाडा' लागेल, 'उष्णतेची लाट' नाही. आणि 'रिलीफ'ला 'दिलासा' नको. दिलासा माणूस माणसाला देतो, मनाला. उकाड्यातून होते ती सुटका. तात्पुरती असेल तर 'उसंत', आणि 'उकाडा सरला', 'जिवाला बरं वाटलं' ही तर रोजची भाषा.

भाषांतरवाली :
'कोल्ड फ्रंट'ला भूगोलाच्या पुस्तकात 'शीत आघाडी' आहे. मला ती युतीच्या राजकारणातली वाटते.

किनाऱ्यावरचा :
वाटू द्या, शब्द चोख आहे. मूळ 'फ्रंट'सुद्धा युद्धातलाच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गनच्या हवामानशास्त्रज्ञांनी दोन हवांच्या सीमेला रणांगणावरचं हे नाव दिलं. थंड हवेची फळी गरम हवेला रेटत पुढे येते, तर 'आघाडी' काय वाईट? पहिल्यांदा 'थंड हवेची आघाडी' लिहा, नंतर नुसतं 'आघाडी' चालेल.

शंकेखोर :
'वॉच' आणि 'वॉर्निंग' दोन्हींना 'इशारा' करू नका, एवढं बघा. तिकडे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. ट्रॉपिकल स्टॉर्म किंवा हरिकेनच्या वेगाचे वारे ४८ तासांत येऊ शकतात तेव्हा वॉच, ३६ तासांत येणार असं दिसलं की वॉर्निंग. पहिल्याला 'सावधगिरीची सूचना', दुसऱ्याला 'इशारा'. हिंदीत इशारा म्हणजे नुसती खूण, मराठीत तो चांगला दमदार शब्द आहे, तो उगाच खर्च करू नये.

भाषांतरवाली :
सगळं ध्यानात घेऊन नवा मसुदा :

"आखातात चक्रीवादळ उठण्याची चिन्हं आहेत. इथे मात्र वारा पडलाय आणि सकाळपासून गदमदतंय. वादळ पूर्वेकडून गेलं तर वारा उत्तरेकडे वळेल आणि उकाड्यातून दोन दिवस उसंत मिळेल. खरी सुटका पुढच्या आठवड्यात, थंड हवेची आघाडी इथवर पोचली तर."

नकाशेबहाद्दर :
छान. एकच बदल करा : 'वारा उत्तरेकडे वळेल' नको. तसं लिहिलं तर तो उत्तरेला निघाला असा अर्थ होतो, म्हणजे समुद्रावरून जमिनीकडे, पुन्हा वाफ घेऊन. वाऱ्याला नाव तो जिकडून येतो त्या दिशेचं. 'वारा उत्तरेचा होईल' असं लिहा.