शब्दचर्चा : हवामान बदल, वातावरण बदल, तापमानवाढ

प्रश्न : ‘हवामान बदल’, ‘वातावरण बदल’ आणि ‘जागतिक तापमानवाढ’ हे शब्द लेखांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. त्यांच्या अर्थांत फरक आहे काय? असल्यास कारणांविषयी लिहिताना कोणता शब्द घ्यावा आणि परिणामांविषयी लिहिताना कोणता?

उत्तर : फरक आहे, आणि अडचणीचे मूळ ‘हवामान’ या शब्दातच आहे. आज संध्याकाळी पाऊस येईल की नाही हेही मराठीत हवामान, आणि एखाद्या प्रदेशातील ऊन-पाऊस-वाऱ्याची वर्षानुवर्षांची रीत हेही हवामानच. हिंदीत ‘मौसम’ आणि ‘जलवायु’ असे दोन शब्द रूढ आहेत. मराठी क्रमिक पुस्तकांत ‘हवा’ आणि ‘हवामान’ असा भेद शिकवला जातो, परंतु शाळेबाहेर तो फारसा टिकत नाही. जागतिक हवामान संघटना सरासरी काढण्यासाठी साधारणतः ३० वर्षांचा कालखंड धरते. त्यामुळे ‘कालपासून हवामान बदलले’ हे वाक्य निर्दोष असले, तरी त्यातील बदलाचा या संज्ञेतील बदलाशी संबंध नाही. संज्ञा म्हणून ‘हवामानबदल’ असे जोडून लिहावे, असे माझे मत आहे.

‘तापमानवाढ’ हा त्याचा एक भाग. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. ही झाली तापमानवाढ. तिच्यासोबत पर्जन्यमान, बर्फाचे आवरण, समुद्रपातळी यांत जे बदल होतात ते सर्व मिळून हवामानबदल.

‘वातावरण बदल’ मात्र या अर्थाने टाळावा. वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचे वायूंचे आवरण. कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनामुळे आणि जंगलतोडीमुळे त्यातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या दशलक्ष भागांत सुमारे २८० भागांवरून आता ४२० च्या पुढे गेले आहे. वातावरणाची घडण बदलली हे कारण आणि हवामान बदलले हा परिणाम. दोन्हींना एकच नाव दिले, तर कार्यकारणभाव सांगायला शब्दच उरत नाही.

प्रश्न : हिमयुगे आली आणि गेली, तोही हवामानबदलच ना? मग या शब्दात ‘मानवनिर्मित’ हा अर्थ गृहीत धरावा काय?

उत्तर : येथे अधिकृत व्याख्यांमध्येच एकवाक्यता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामानविषयक करारातील व्याख्येनुसार, नैसर्गिक चढउतारांखेरीज, मानवी व्यवहारांनी वातावरणाची घडण प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे बदलल्यामुळे जो फरक पडतो तेवढाच हवामानबदल. याउलट, १९८८ मध्ये स्थापन झालेली हवामानबदलविषयक आंतरशासकीय समिती कारण कोणतेही असो, दीर्घकाळ टिकणाऱ्या बदलाला हीच संज्ञा लावते. म्हणून हिमयुगांचा उल्लेख येणार असेल, तर सध्याच्या बदलाला ‘मानवनिर्मित’ हे विशेषण लावणे इष्ट. हे विशेषण केवळ मताचे नाही : सूर्य तापल्याने ही वाढ झाली असती, तर वातावरणाचे खालचे व वरचे दोन्ही थर तापले असते, प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्यावरील स्थितांबर थंड होते आहे.

प्रश्न : ‘हरितगृह वायू’ हा शब्द कितपत नेमका आहे?

उत्तर : रूढ आहे, पण फसवा आहे. ‘हरित ऊर्जा’, ‘हरित इमारत’ अशा प्रयोगांत ‘हरित’ म्हणजे पर्यावरणाला पोषक. त्या सवयीने ‘हरितगृह वायू’ही हितकर वाटू शकतो. शिवाय काचेचे हरितगृह मुख्यतः तापलेली हवा आत कोंडून उबदार राहते, तर हे वायू पृथ्वीने बाहेर टाकलेली अवरक्त (डोळ्यांना न दिसणारी, उष्णता वाहणारी) किरणे शोषून त्यांचा काही भाग परत खाली पाठवतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडॉल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवले ते हे शोषण. ‘उष्णताधारक वायू’ असे म्हटले तर अर्थ लगेच कळतो. वायू मुळात वाईट आहेत असेही नाही. ते नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५ अंशांऐवजी शून्याखाली १८ अंश असते. ओझोनच्या थराला पडलेले छिद्र हा निराळा प्रश्न आहे. तो येथे मिसळू नये.

प्रश्न : परिणामांसाठी ‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांत निवड कशी करावी?

उत्तर : उष्णतेची लाट, अतिवृष्टी, चक्रीवादळ ही संकटे. संकट, त्याच्या वाटेत कोण व काय आहे आणि त्यांची सोसण्याची क्षमता किती, या तिन्हींतून ठरते ती जोखीम. एकाच तीव्रतेच्या लाटेत संकट सारखे असते. उन्हात राबणारा मजूर आणि थंड खोलीत बसलेला कर्मचारी यांची जोखीम सारखी नसते. ‘धोका’ हा सैल शब्द आहे. मथळ्यात चालेल, विवेचनात नको.

याच ओघात ‘-मुळे’ या प्रत्ययाविषयीही सांगायला हवे. ‘हवामानबदलामुळे पूर आला’ हे विधान बहुधा गरजेपेक्षा अधिक ठाम असते, कारण पुराला नदीपात्रातील बांधकाम, धरणातून सोडलेले पाणी अशी इतरही कारणे असतात. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून ‘अशा अतिवृष्टीची शक्यता आणि तीव्रता हवामानबदलाने वाढली’ हे म्हणणे अधिक सुरक्षित. समुद्रपातळीबाबत मात्र ‘-मुळे’ निःशंकपणे वापरावे : १९०१ ते २०१८ या काळात ती सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, ती मुख्यतः पाणी तापून प्रसरण पावल्यामुळे आणि जमिनीवरील बर्फ वितळल्यामुळे. समुद्रात तरंगणारे बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे ‘बर्फ’ या शब्दाआधी ‘जमिनीवरील’ हे विशेषण गाळू नये.