तोंडीलावणं की भाजी? आणि 'बेकनमध्ये गुंडाळलेल्या शेंगा' मराठीत कशा लिहाल?

निळी शाई
नमस्कार मंडळी, आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो, शनिवारी आठ माणसं जेवायला आहेत, चार जर्मन आणि चार मराठी. मेन्यू मी दर वेळी कार्डावर दोन्ही भाषांत लिहिते, त्यानिमित्ताने मुलीचं मराठी वाचन होतं. लॅम्बची रान (म्हणजे मांडी), बटाटे आणि सोबत इकडचा नेहमीचा पदार्थ: श्रावणघेवड्याच्या कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या, आठ-दहा शेंगा एकत्र धरून त्यांना बेकनची पातळ पट्टी गुंडाळायची आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर बेकन कुरकुरीत होईपर्यंत ठेवायचं. जर्मनमध्ये 'बोनेन इम श्पेकमांटेल', मांटेल म्हणजे कोट. मी लिहिलं, "तोंडीलावणं: बेकनमध्ये गुंडाळलेल्या शेंगा". सासूबाई सांगलीहून आल्यात, त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, अगं तोंडीलावणं म्हणजे चटणी, लोणचं, ठेचा, ही तर भाजी झाली. माझ्या माहेरी ठाण्याला पोळीभाताबरोबर जे काही असेल ते सगळंच तोंडीलावणं. आणि 'गुंडाळलेल्या' म्हटलं की मला कागदात गुंडाळलेली भजी दिसतात. शनिवारच्या आत सांगा प्लीज, कार्डं हाताने लिहायची आहेत.

पाटावरवंटा
सासूबाईंचं बरोबर आहे. ताटाची डावी बाजू म्हणजे तोंडीलावणं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, चवीपुरतं घ्यायचं. भाजी, उसळ, आमटी उजवीकडे. तुमच्या शेंगा उजवीकडच्या.

बांधावरून
डावं-उजवं वाढलेलं ताट आमच्या साताऱ्याकडे लग्नकार्यातच बघायचो. रोज भाकरी आणि कोरड्यास. "आज कोरड्यास काय केलंय?" म्हणजे कोरड्या भाकरीला लावून खायला काय आहे. माझं मत असं की यातला 'स' चतुर्थीचा, 'कोरड्याला' या अर्थाचा, आणि तो इतका चिकटला की अख्खं रूपच नाम होऊन बसलं, आता आम्ही बिनदिक्कत "कोरड्यास आळणी झालंय" म्हणतो. तोंडीलावणं काय, कोरड्यास काय, दोन्हींत भाकरी-भात मुख्य आणि बाकीचं त्याला लावायचं. तुमच्या ताटात मुख्य आहे मटण. रानेला लावून शेंगा कोण खाणार? त्यामुळे मला वाटतं यातला एकही शब्द तिथे नीट बसत नाही.

निळी शाई
हे मला सुचलंच नव्हतं. जर्मनमध्ये 'बायलागे', म्हणजे शेजारी ठेवलेलं. त्यात लावणं नाही, कालवणं नाही.

दर्यावरून
कालवणाचं नाव काढलंत म्हणून सांगते, आमच्याकडे वसईला कालवण म्हटलं की माशाचंच, कुणी दुसरं काही समजणार नाही. आणि डुकराचं मांस म्हणजे परदेशी गोष्ट, असं इथे कुणी लिहायच्या आधीच सांगते, आमच्या समाजात सणाला पोर्कचं इंदियाल लागतंच, व्हिनेगर घालून मुरवलेलं. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, इतक्या पिढ्यांचं खाणं आहे ते.

जुना कोश
मूळ प्रश्न अनुवादाचा आहे आणि त्यात 'बेकन' तसाच ठेवलाय याचं मला वाईट वाटतं. खारवलेले मासे म्हणतो तसं हे खारवलेलं मांस, पट्टीच्या रूपात. मग 'खारपट्टी' का नको? चार ठिकाणी वापरला तर रुळेल. महापौर, दिनांक हेही शब्द कुणीतरी घडवलेच ना, आज ते कुणाला खटकत नाहीत.

पाटावरवंटा
महापौर सरकारने कागदोपत्री वापरला म्हणून रुळला. दुकानात जाऊन खारपट्टी मागितली तर मिळेल का? बेकन द्या म्हणालं की मिळतं. भाषा दुकानात ठरते.

जुना कोश
दुकानदार इंग्रजी बोलतो म्हणून आपण शब्द घडवायचेच नाहीत हे मला मान्य नाही. आज बेकन, उद्या पालेभाजीलाही लीफी व्हेजिटेबल म्हणाल.

मराठवाडी
शब्द घडवायचीही गरज नाही, जवळचा शब्द आहे, फक्त तुम्ही ऐकला नसेल. आमच्याकडे मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचं आणि दोरीवर उन्हात वाळवायच्या, त्यांना चान्या म्हणतात. एक असेल तर चानी. त्या डब्यात भरून ठेवायच्या, पावसाळ्यात काही नसलं की विस्तवावर भाजायच्या नाहीतर कोरड्यासात टाकायच्या. माझी आजी करायची. ते डुकराचं नसायचं, मोठ्या जनावराचं असायचं, आणि धूरही देत नसत, त्यामुळे चानी म्हणजे बेकन असं मी म्हणत नाही. पण मीठ लावून टिकवलेली मांसाची पट्टी, याला मराठीत शब्दच नाही असं धरून खारपट्टी घडवायला बसता तेव्हा मला लागतं. आमच्या घरात शब्द होता, तुमच्यापर्यंत पोचला नाही, कारण आमच्या घरचं जेवण कुणी लिहिलंच नाही.

जुना कोश
खरंच माहीत नव्हता. मनापासून आभार, माझ्या वहीत लिहून घेतला. तरी खारपट्टी मी मागे घेत नाही, कारण तुम्हीच म्हणता तसं दोन्ही एक नाहीत.

शब्दवेडी
बेकन ठेवा हो. इंग्रजीतला हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचं मूळ जर्मानिक भाषांमधल्या पाठीसाठीच्या शब्दाशी जोडतात, आणि आज अमेरिकेत बेकन म्हणजे पोटाकडचं मांस. पाठीवरून पोटावर घसरला तरी शब्द चाललाच. मूळ अर्थ धरून बसलं तर निम्मी भाषा फेकून द्यावी लागेल.

बांधावरून
गुंडाळण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून परत लिहितोय. गुंडाळलं की आतलं झाकलं जातं. इथे शेंगांची दोन्ही टोकं उघडी आणि मधोमध कमरेला पट्टा, बरोबर ना? मग ती पेंढी झाली. कडब्याची असते तशी. जुडी म्हणाल तर कोथिंबिरीची, ती नुसती मुठीत मावते, मोळी लाकडांची. पेंढी आवळून बांधतात, आणि ती बांधायला गवत पिळून जो बंद करतात त्याला आळा म्हणतात. 'आळा घालणे' तिथलाच. लहानपणी मी आजोबांबरोबर पेंढ्या बांधायचो, माझा आळा नेहमी सैल पडायचा आणि उचलली की पेंढी विस्कटायची, ते न बोलता परत बांधून द्यायचे. तुमच्या पदार्थात बेकन म्हणजे तो आळा. "शेंगांच्या पेंढ्या, बेकनचा आळा" असं लिहा की. पट्टीचं टोक पेंढीच्या खाली येईल असं ठेवा, म्हणजे भाजताना सुटणार नाही.

शब्दवेडी
आळा सुंदर आहे! पण शहरातल्या वाचकाला फक्त 'भ्रष्टाचाराला आळा' माहीत. 'मढवलेल्या' कसं वाटतं? पखवाज कातड्याने मढवतात.

पाटावरवंटा
मढवणं म्हणजे पक्कं बसवणं, खायच्या वस्तूला नको. वेढलेल्या म्हणा. लपेटलेल्या मात्र नको, हिंदी आहे.

जुना कोश
लपेटणे मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात सापडतो, म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ मराठीत आहे.

पाटावरवंटा
सगळे शब्द घडवायला निघालेले तुम्ही, आणि लपेटणे चालतो?

दर्यावरून
ताई, शेंगा अर्धवट उकडू नका, आठ-दहा मिनिटं तरी हव्यात. घेवड्याच्या कच्च्या शेंगा पोटाला बाधतात. आणि एक विचारायचं होतं, तुम्ही श्रावणघेवडा म्हणताय ती फरसबीच ना? आमच्याकडे फरसबीच म्हणतात.

निळी शाई
हो, तीच. उकडताना इकडे बोनेनक्राउट नावाचा पाला टाकतात, ओव्याच्या जवळ जाणारा वास. पेंढ्या मला फार आवडलं. सासूबाई बेकन खात नाहीत, त्यांच्या दोन पेंढ्या कांद्याच्या पातीने बांधणार आहे, तो तर खराच आळा होईल. पण वर तोंडीलावणं लिहू की नुसतं 'सोबत'? त्या अजून भाजीवर ठाम आहेत.

शब्दवेडी
फरसबी म्हणजे फ्रेंच बीन, हे सगळ्यांना माहीतच असेल.

बांधावरून
पण 'फरस' इंग्रजीतून कशाला? जुन्या कागदांत फ्रेंचांना फरासीस म्हणत. मला वाटतं फरासी बी, म्हणजे फ्रेंचांचं बी.

पाटावरवंटा
आपण नुसतं बी नाही, अख्खी शेंग खातो, मग नाव बी वरून कसं पडेल?

दर्यावरून
माझी आजी तर 'फरजबी' म्हणायची, ज ने. आणखी कुणाकडे म्हणतात का?