३ च्या पायात २५: वजनं एकेकच, मग 'दोन' कुठून आणायचा?

पाटीपेन्सिल (गुहागर):
आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तराजू करतोय. काजू बी तोलायची, वजनं चारच: १, ३, ९, २७. एक म्हणजे १० ग्रॅम. एवढ्यावर ४० पर्यंत सगळं तोलता येतं म्हणतात. पण ३ च्या पायात (दहांऐवजी तीनचे गट करून: एकक, तीन, नऊ अशी स्थानं) २५ म्हणजे २२१, म्हणजे नऊची दोन, तीनची दोन वजनं हवीत. एकेकात कसं भागवायचं? आणि अशी लिहिलेली संख्या सम की विषम, हे मुलांना बघून सांगता येईल का? शेवटच्या अंकावरून जमत नाहीये.

हातचा (रत्नागिरी):
२ हा अंकच टाकून द्या, त्याच्या जागी उणे एक घ्या. दोन म्हणजे तीनात एक कमी. म्हणून बाकी २ आली की − लिहायचं आणि भागाकार १ ने वाढवायचा.

२५ ÷ ३: भागाकार ८, बाकी १, लिहा +
८ ÷ ३: भागाकार २, बाकी २, लिहा −, भागाकार झाला ३
३ ÷ ३: भागाकार १, बाकी ०, लिहा ०
१ ÷ ३: भागाकार ०, बाकी १, लिहा +

खालून वर वाचा: + ० − +. म्हणजे २७ − ३ + १. उणे वजन मालाच्या पारड्यात जातं: बियांसोबत ३, समोर २७ आणि १, आणि ९ खालीच. मुलं हमखास चुकतात ती भागाकार वाढवायला विसरून. मग − − + येतं, म्हणजे उणे ११.

प्रत्येक वजनाला तीन जागा: समोर, मालासोबत किंवा बाहेर. चार वजनांच्या मांडण्या ८१, आणि −४० ते ४० या संख्याही ८१च. एकही मांडणी वाया जात नाही, हे मुलांना जरूर मोजायला लावा.

उणेएक (मालवण):
सम-विषमासाठी शून्य नसलेले अंक मोजा. ते सम तर संख्या सम. १, ३, ९, २७ सगळी विषम, त्यामुळे एखादं मिळवा नाहीतर वजा करा, सम-विषम पालटतंच. २ म्हणजे + − आणि ५ म्हणजे + − −. शेवटी दोन्हीकडे −, म्हणून तुमचं अडलं. ३ ने भाग जातो का, हे मात्र शेवटच्या शून्यावरून कळतं.

ऋण संख्येसाठी वेगळं चिन्ह लागत नाही, सगळी चिन्हं उलटी करा: −२५ म्हणजे − ० + −. मॉस्को विद्यापीठात १९५८ साली झालेला 'सेतून' संगणक याच अंकांवर चालायचा. प्रोग्राम लिहिणार असाल तर एक सांभाळा: पायथनमध्ये −२५ ला ३ ने भागलं की बाकी २ येते, वरचाच नियम चालतो. सी भाषेत बाकी −१ येते, पुढच्या पायरीला −२. तिथे + लिहून भागाकार १ ने कमी करावा लागतो.

पासंग (दापोली):
बाजारात ३, ९, २७ ची वजनं मिळत नाहीत, पिशव्या भरूनच कराव्या लागतील. किनाऱ्यावरची वाळू तशीच भरू नका, मीठ दमट हवेत पाणी ओढतं. धुवून, कडक वाळवून भरा आणि तोंड सील करा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर १०, ३०, ९०, २७० ग्रॅम. चौघांची चूक मिळून ५ ग्रॅमच्या आत हवी, नाहीतर शेजारचा आकडा येईल. मोकळी पारडी आधी समतोल करून घ्या. आणि एकेक बी पाच-सात ग्रॅमची, त्यामुळे काटा नेमका मध्यावर थांबणार नाही. बिया नको, तांदळाच्या १०-१० ग्रॅमच्या पुड्या बांधा.