जन्मठेप भोगून आलेल्या माणसाला सालगडी ठेवावे का?

प्रश्न (शेतकरी, अंबड तालुका):
बांधावरच्या भांडणातून झालेल्या खुनाबद्दल जन्मठेप भोगून आमच्या गावातील एक गृहस्थ गेल्या वर्षी सुटले. शेवटची काही वर्षे ते पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीच करीत होते. येत्या पाडव्याला त्यांना सालाने ठेवण्याचा माझा विचार आहे. परंतु भावकीचा विरोध आहे आणि उद्या काही झाले तर जबाबदार कोण, असे घरातलेही विचारतात. कायद्याची काही अडचण येईल का?

उत्तर (वकील, छत्रपती संभाजीनगर):
खाजगी कामावर ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही. जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, हा समज मात्र चुकीचा आहे. ती आयुष्यभराची शिक्षा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले आहे. खुनाच्या शिक्षेत प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय शासन सहसा मुदतपूर्व सुटका करू शकत नाही आणि त्यानंतरही ती हक्काने मिळत नाही. सुटकेच्या आदेशात अटी असू शकतात, म्हणून तो एकदा वाचून घ्यावा. खुल्या कारागृहासाठी वर्तणूक पाहून बंदी निवडले जातात; पळून जाणे सोपे असूनही जो तेथे वर्षानुवर्षे राहिला, त्याच्याविषयी भावकीपेक्षा कारागृहाला अधिक माहिती असते, असे मला वाटते.

उत्तर (वाचक, बीड):
माझ्या आतेभावाचा खून झाला होता. आरोपी सुटल्याचे आत्याला आठवडी बाजारात कळले. तोवर कोणी एका शब्दानेही कळवले नव्हते. बंद्यांच्या मजुरीतील काही भाग पीडितांसाठी वेगळा काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले होते, पण आमच्या घरापर्यंत त्यातला रुपयाही आला नाही. पुनर्वसनाला माझा विरोध नाही. तरीही आपण भावकीचे, घरच्यांचे मत सांगितलेत, मयताच्या घरच्यांविषयी एक ओळही लिहिली नाहीत.

उत्तर (शेतकरी, औसा):
गावातल्या इतर सालगड्यांइतकेच साल देणार असाल तर जरूर ठेवा. कमी पैशांत राबणारा माणूस मिळतो, एवढाच हिशेब असेल, तर भावकीचे ऐकलेले बरे.

प्रश्नकर्ता:
साल इतरांइतकेच ठरवले आहे. मयताची पत्नी गावातच राहते आणि त्यांचे शिवार माझ्या शेताला लागून आहे. पाडव्यापूर्वी त्यांना भेटून विचारतो. त्या नको म्हणाल्या तर काय करावे, हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.