मदत हवी आहे: पिग्मीच्या ॲपमध्ये ब्राउझरचे एन्क्रिप्शन, पण किल्ली कुठे ठेवावी?

नमस्कार. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका सौहार्द (कर्नाटकातील एक प्रकारची सहकारी) सोसायटीसाठी पिग्मीच्या, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीच्या, नोंदी ठेवणारे ॲप आम्ही तयार करीत आहोत. एजंट दुकानोदुकानी फिरून रोजची रक्कम गोळा करतो, मोबाइलवर नोंद घालतो आणि तिथल्या तिथे पावती देतो. ॲप ब्राउझरमध्येच चालते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंजचा भरवसा नसल्यामुळे खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि रक्कम अशा सगळ्या नोंदी संध्याकाळपर्यंत मोबाइलमध्येच साठून राहतात. मोबाइल हरवला तरी त्या परक्याच्या हाती लागता कामा नयेत. रोज पन्नास-शंभर रुपये बाजूला काढणाऱ्या माणसाचा हिशेबही मोठ्या खातेदाराच्या हिशेबाइतकाच जपला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

बाहेरची लायब्ररी न घेता, वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने जानेवारी २०१७ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेले वेब क्रिप्टोग्राफी एपीआय (ब्राउझरमधील एन्क्रिप्शनची तयार सोय) वापरायचे, एवढे ठरले आहे. प्रत्येक नोंद एईएस-जीसीएम या पद्धतीने एन्क्रिप्ट करायची, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करायची, आणि दर वेळी ९६ बिटांचा नवा आयव्ही (किल्लीसोबत एकदाच वापरायचा आकडा) घ्यायचा, कारण एकाच किल्लीखाली तोच आयव्ही पुन्हा वापरला गेला तर गोपनीयता आणि नोंदीच्या खरेपणाची हमी दोन्ही धोक्यात येतात. किल्ली कशी सांभाळायची, हे मात्र मानक आपल्यावर सोपवते आणि माझे घोडे तिथेच अडले आहे.

एजंटांना चार अंकी पिन हवा आहे. पीबीकेडीएफ२ ही पद्धत वापरून पिनपासून किल्ली तयार करता येते, आणि प्रत्येक अंदाज तपासायला वेळ लागावा म्हणून वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे एसएचए-२५६ या हॅश पद्धतीसह ६,००,००० आवर्तनेही देता येतात. पण पिन मुळात १०,००० च असू शकतात, आणि मोबाइलमधला साठा ज्याच्या हाती पडेल तो ते सगळे निवांत तपासून पाहू शकेल. दुसरा मार्ग म्हणजे बाहेर काढता न येणारी किल्ली इंडेक्स्डडीबीमध्ये, म्हणजे ब्राउझरच्याच साठ्यात, ठेवणे. तिचे बाइट जावास्क्रिप्टला वाचता येत नाहीत हे खरे, तरी पानात घुसलेली स्क्रिप्ट ती किल्ली वापरू शकतेच. शिवाय ती हार्डवेअरमध्येच राहील अशी हमीही मानक देत नाही.

म्हणून माझा कल तिसऱ्या रचनेकडे आहे. प्रत्येक नोंदीची एईएस किल्ली कार्यालयाच्या सार्वजनिक किल्लीने आरएसए-ओएईपी ही पद्धत वापरून बंद करायची; ती उघडणारी जोडीची खासगी किल्ली फक्त कार्यालयात, म्हणजे ती नोंद मोबाइललाही पुन्हा उघडता येणार नाही. सार्वजनिक किल्ली कोणालाही मिळू शकते, त्यामुळे नोंद आपल्याच एजंटची आहे हे कळण्यासाठी तिच्यावर एजंटच्या स्वतःच्या किल्लीने केलेली ईसीडीएसए पद्धतीची डिजिटल सहीही हवी. पण मग दुकानदाराने "आज माझे किती जमा झाले?" असे दुपारी विचारले, तर एजंटाने काय दाखवायचे? कागदी पावतीवर भागवावे, की दिवसाची बेरीज वेगळ्या किल्लीखाली ठेवावी?

सहीबाबत आणखी एक शंका आहे. एपीआयला अक्षरे कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. 'कुऱ्हाडे' या आडनावातला 'ऱ' एका कीबोर्डवरून एकच संकेत म्हणून येतो, तर दुसऱ्यावरून 'र' आणि नुक्ता असे दोन संकेत येतात; पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) एकाचे ३ बाइट होतात आणि दुसऱ्याचे ६. कन्नडातील ओकाराच्या मात्रेचेही असेच आहे, आणि आमच्या पावत्या दोन्ही भाषांत निघतात. सर्व्हरने नाव एनएफसी रूपात (युनिकोडच्या ठरावीक, अशा जोड्या एकत्र करणाऱ्या रूपात) बदलून मग सही तपासली, तर खरी नोंदही खोटी ठरू शकते. नाव टाइप होतानाच त्याला एनएफसी रूप द्यावे, की ज्या बाइटांवर सही झाली तेच जसेच्या तसे पाठवून जपून ठेवावेत? मला दुसरे अधिक पक्के वाटते, पण त्यामुळे नावाच्या शोधात घोळ होईल का?

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एफआयपीएस २०३ हे क्वांटम संगणकांपुढेही टिकावे असे किल्ली ठरवण्याचे मानक प्रसिद्ध केले असल्याने आरएसए पुढे बदलावे लागेल हे गृहीत धरून प्रत्येक नोंदीसोबत पद्धतीचे नाव आणि आवृत्ती ठेवणार आहोत.

सहकारी संस्थेसाठी असे काम प्रत्यक्ष केलेल्या जाणकारांनी, विशेषतः मोबाइल हरवल्यावर एजंटची सहीची किल्ली रद्द कशी करता आणि त्याआधीच्या नोंदी ग्राह्य कशा धरता, हे कृपया सविस्तर सांगावे.